दान, देणे आणि वाटा



संपत्तीच्या विषमतेचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जाते. हाताची पाची बोटे सारखी नसतात, तेव्हा विषमता ही निसर्गाचीच व्यवस्था होय, असे एक पक्ष म्हणतो. श्रीमंतांची संपत्ती काढून घेतल्याखेरीज गरिबांचे भले होणे नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. या दोन्ही मतांच्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र बाजूला पडतो. ज्याच्या हाती संपत्ती किंवा सत्ता आहे तो समाजाचे काय देणे लागतो, ते देणे ठरवायचे कोणी, मोजायचे कसे आणि न दिल्यास विचारायचे कोणी, हा तो प्रश्न होय. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्यांना अनुक्रमे दान, देणे आणि वाटा अशी नावे देता येतील. ही तीन उत्तरे क्रमाने तपासून पाहिली, तर आजच्या कर्तव्याची दिशा स्पष्ट होण्यास साह्य होईल.

प्रथम विषमतेचे आजचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. पॅरिस येथील जागतिक विषमता प्रयोगशाळेशी संबंधित अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ साली भारतातील सर्वांत वरच्या १ टक्का लोकांच्या वाट्यास देशाच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे ६ टक्के उत्पन्न येत असे. २०२२-२३ मध्ये हेच प्रमाण २२.६ टक्क्यांवर गेले, आणि देशातील एकूण संपत्तीपैकी ४०.१ टक्के संपत्ती या १ टक्क्याच्या हाती असल्याचे या अभ्यासकांनी मांडले. याच कालावधीत संपत्तीवर थेट बसणारे दोन कर नाहीसे झाले. १९५३ पासून अमलात असलेले मालमत्ता शुल्क, ज्याला बोलीभाषेत मृत्युकर म्हणत, ते १९८५ साली बंद झाले. आणि १९५७ चा संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. या करांपासून मिळणारे उत्पन्न अल्प आणि वसुलीचा खटाटोप मोठा, हे त्यामागील कारण होते. कारण काहीही असो, घटनेने राज्यावर टाकलेली जबाबदारी मात्र तशीच उभी आहे. उत्पन्नातील विषमता किमान पातळीवर आणण्यासाठी राज्याने झटावे, असे अनुच्छेद ३८ सांगतो. आणि संपत्तीचे केंद्रीकरण सर्वसामान्यांच्या हिताला बाधक होऊ नये, असे अनुच्छेद ३९ बजावतो.

दानाची थोरवी आणि तिची सीमा

दानाची परंपरा या भूमीत जुनी आणि तेजस्वी आहे. मुंबईतील माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये एके काळी खाडी होती. लोकांना होडीने पलीकडे जावे लागे आणि पावसाळ्यात जीव धोक्यात घालावा लागे. तेथे बांध घालण्याचा खर्च सोसण्यास कंपनी सरकार तयार नव्हते. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये देऊन तो बांध बांधविला आणि १८४५ साली तो रहदारीस खुला झाला. या मार्गावरून जाणाऱ्यांकडून सरकारने पथकर घेऊ नये, एवढीच त्यांची अट होती. याच वर्षी जमशेटजींच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय मुंबईत सुरू झाले, जे. जे. रुग्णालय म्हणून ते आज सर्वांस परिचित आहे.

अशा दानाविषयी कृतज्ञता बाळगली पाहिजे, यात शंका नाही. तथापि दानाला एक स्वाभाविक सीमा असते. दात्याची दृष्टी जेथवर पोहोचते तेथवरच दान पोहोचते. मुंबईच्या धनिकांना खाडी दिसली, म्हणून बांध झाला. माण, जत किंवा आटपाडी या भागांतील कोरडे माळ त्यांच्या दाराशी नव्हते. शिवाय ज्याला दान मिळाले तो आभार मानू शकतो; ज्याला मिळाले नाही तो तक्रार करू शकत नाही. जी गोष्ट मागता येत नाही तिच्या भरवशावर कोणाही शेतमजुराला आपल्या घराचे उद्याचे गणित मांडता येत नाही.

दानाची ही सीमा ओलांडण्याचा थोर प्रयत्न आचार्य विनोबा भावे यांनी केला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली या गावी तेथील भूमिहीन हरिजन कुटुंबांनी ८० एकर जमिनीची मागणी विनोबांपुढे मांडली, आणि गावातील एका जमीनदाराने, व्ही. रामचंद्र रेड्डी यांनी, १०० एकर देऊ केली. भूदानाचा उगम तो हाच. पुढे विनोबांनी पायी देश पालथा घातला. भूमिहीन हा घरातील आणखी एक भाऊ आहे असे समजून त्याचा हिस्सा द्या, ही त्यांची मागणी होती. दयेची भाषा सोडून त्यांनी वाटणीची भाषा वापरली, हे त्यांचे वेगळेपण होय. या चळवळीत ४० लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. एवढी जमीन केवळ शब्दावर मिळाल्याचे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच असेल. परंतु मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग खडकाळ, वादग्रस्त किंवा कागदोपत्री अपुरा निघाला, आणि पुष्कळशी जमीन वाटपाविना राहिली. देण्याचा क्षण पवित्र होता. देण्यानंतरची मोजणी, नोंद आणि ताबा यांची व्यवस्था मात्र दुबळी होती.

कायद्याचा मार्गही याच काळात चोखाळला गेला. महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. १९७५ साली मर्यादा आणखी खाली आणून बारमाही बागायतीसाठी १८ एकर आणि जिरायतीसाठी ५४ एकर अशी ठरविण्यात आली. कायद्याने मर्यादा आखली, तरी कागदावर वाटण्या दाखवून ती चुकविण्याचे मार्ग ज्यांच्याकडे जमीन होती त्यांनाच अधिक ठाऊक होते. भूदानात सद्भावना होती आणि यंत्रणा अपुरी पडली. कमाल धारणेत यंत्रणा होती आणि सद्भावना अपुरी पडली. दोन्ही अनुभवांतून एकच बोध मिळतो: जबाबदारी निभावली गेली की नाही हे पाहणारा डोळा गावात नसेल, तर दानपत्र आणि अधिनियम सारखेच निष्प्रभ ठरतात.

देणे: शहराच्या पगारातून खेड्याची मजुरी

दुसरे उत्तर महाराष्ट्राला दुष्काळाने शिकविले. १९७२ चा दुष्काळ आजही वृद्धांच्या बोलण्यात येतो. त्याआधीची दोन वर्षेही पावसाच्या दृष्टीने ओढीची गेली होती. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली, आणि सधन समजली जाणारी कुटुंबेही खडी फोडण्याच्या कामावर आली. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या जवळजवळ ५० लाखांवर पोहोचली होती. मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द तेव्हापासून मराठी माणसाच्या स्मरणात रुजले.

या संकटातून जी योजना स्थिरपद झाली तिची कल्पना विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर करून पाहिलेली ही कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत १९७२ साली रोजगार हमी योजना म्हणून राज्याने स्वीकारली. पुढे १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल त्याला १५ दिवसांच्या आत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. भत्त्याचा किमान दर दिवसाला अवघा १ रुपया होता. परंतु त्या एका रुपयाने मागणाऱ्याचे नाते बदलले. हात पसरणारा माणूस अर्जदार झाला.

या योजनेचा पैसा कोठून आला, हे आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला आणि नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्या मिळकतीतून ठरावीक रक्कम कापली जाऊ लागली. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायती जमीन आणि शहरांतील अनिवासी इमारती यांवरील अधिभारांची भर घालण्यात आली. या मार्गांनी जेवढी रक्कम जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी तरतूद झाली. मुंबईतील एखाद्या कचेरीत बसलेल्या लिपिकाच्या पगारातून कापलेला रुपया बीड किंवा उस्मानाबाद जिल्ह्यातील पाझर तलावावर पाटी उचलणाऱ्या बाईच्या मजुरीत जाऊन मिसळला. ना त्या लिपिकाला दातृत्वाचा अभिमान, ना त्या बाईला उपकाराचे ओझे. स्त्री आणि पुरुष यांना कामाचा दर सारखा होता, आणि कामावर स्त्रियांची संख्या मोठी राहिली. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव देशापुढे होता.

या योजनेच्या उणिवाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली उणीव देणाऱ्याच्या बाजूची. घटनेच्या अनुच्छेद २७६ अन्वये व्यवसाय कराची कमाल मर्यादा पूर्वी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि त्यानंतरच्या साडेतीन दशकांत ती वाढली नाही. त्यामुळे दरमहा काही हजार मिळविणारा कर्मचारी आणि दरमहा काही लाख मिळविणारा व्यावसायिक हे दोघे या खात्यात सारखेच देतात. जो कर विषमता कमी करण्याच्या हेतूने बसविला, तो वरच्या थरापाशी येऊन थबकला आणि त्याचा भार मधल्या थरावर अधिक पडला.

दुसरी उणीव घेणाऱ्याच्या बाजूची, आणि ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. मजुरांनी पाझर तलाव खोदला. त्याचे पाणी झिरपून खालच्या विहिरींना आले. आणि त्या विहिरी ज्यांच्या होत्या त्यांची शेती बागायती झाली. ज्यांनी माती उचलली त्यांच्या हाती हंगामाची मजुरी आली, पण पाणी आले नाही. काम संपताच मजूर पुन्हा जेथे होता तेथेच राहिला. योजनेचा अभ्यास करणाऱ्या अनेकांनी या विसंगतीकडे लक्ष वेधले आहे.

वाटा: नायगावचा धडा

तिसरे उत्तर याच विसंगतीतून आणि याच दुष्काळातून निघाले. पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात हिंडले आणि तेथील स्थिती पाहून अस्वस्थ झाले. देणगीचा धनादेश पाठवून ते स्वस्थ बसू शकले असते. त्याऐवजी त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तेथे जलसंधारणाचा प्रयोग स्वतः करून पाहिला. ओघळींवर बांध घातले, पावसाचे पाणी तेथेच अडविले, विहीर खोदली, आणि कमी पावसाच्या प्रदेशातही काय पिकू शकते ते लोकांना प्रत्यक्ष दाखविले. या प्रयोगातून जी व्यवस्था उदयास आली ती पाणी पंचायत या नावाने ओळखली जाते.

पाणी पंचायतीचे महत्त्व तिच्या नियमांत आहे. पाणी माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांपेक्षा अधिक क्षेत्राला नाही. ज्याच्याकडे ५० एकर जमीन आहे त्यालाही हाच हिशेब लागू. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. योजनेच्या खर्चापैकी पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करावयाचा. उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही. नियम इतके सोपे की शाळेतील मुलालाही समजावेत. आणि इतके कठीण की प्रत्येक गावातील बड्या शेतकऱ्याला ते स्वीकारताना मनाची तयारी करावी लागली.

पाणी पंचायतीच्या सर्वच योजना पुढे टिकल्या नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. उपसा सिंचनाचा वीजखर्च आणि गटातील एकोप्याचा अभाव यांमुळे काही ठिकाणी त्या थांबल्या. परंतु या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली. संपन्न माणसाची सर्वांत मोलाची देणगी त्याच्या पैशात नसून, वाटपाचा न्याय्य नियम घडविण्यासाठी तो खर्च करतो त्या बुद्धीत, वेळेत आणि प्रतिष्ठेत असते. दानातून गरजूची एक वेळ निभावते आणि हक्काच्या देण्यातून त्याचा हंगाम पार पडतो. साधनसंपत्तीत वाटा मिळाला, तर मात्र पुढच्या दुष्काळाच्या वेळी तो पूर्वीइतका निराधार राहत नाही.

सत्ता हीही संपत्तीच

संपत्तीप्रमाणेच सत्तेचीही विषमता असते, आणि तिचे वाटप करण्यास अधिक धैर्य लागते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. वसतिगृहांना देणग्या देऊन ते थांबले नाहीत. कारभाराच्या खुर्चीतच त्यांनी वाटा दिला. अधिकारी, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य यांनी हे उदाहरण विशेष करून ध्यानात घ्यावे. गावाच्या दृष्टीने हे सर्वजण सत्ताधारीच होत. रस्ता कोणाच्या शेताकडून न्यावयाचा, सार्वजनिक विहीर कोणत्या वस्तीत काढावयाची, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव वर ठेवावयाचे, हजेरीपटावर अंगठा कोणाचा घ्यावयाचा, हे निर्णय लाखो रुपयांच्या देणगीइतकेच संपत्तीची दिशा बदलतात. बंधारा सरपंचाच्या मळ्याशेजारी होतो की मजुरांच्या वस्तीखालच्या नाल्यावर होतो, यावर त्या गावाची पुढील वीस वर्षे अवलंबून असतात.

श्रीमंतांच्या जबाबदारीला आता कायद्याचा आधारही मिळाला आहे. गरज आहे ती तो वापरण्याची. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची आहे, आणि आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावयाचे आहे. ज्या तालुक्यात कारखाने आहेत तेथील पंचायतींनी आपल्या गरजांचा आराखडा ग्रामसभेत ठरवून अशा कंपन्यांपुढे ठेवला पाहिजे. तसे न झाल्यास काय द्यावयाचे हे देणाराच ठरवील, आणि पाण्याची गरज असलेल्या गावात प्रवेशद्वाराची कमान उभी राहील.

दुसरे उदाहरण धर्मादाय रुग्णालयांचे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या असतात. त्यासाठी देयकांच्या रकमेतून २ टक्के वेगळे काढून निधीही उभारावयाचा असतो. तरीही मोठ्या आजारात गावातील माणूस आधी दागिना मोडतो, मग म्हैस विकतो आणि शेवटी जमिनीचा तुकडा गहाण टाकतो. कारण अशी खाट मागता येते हेच त्याला ठाऊक नसते. उत्पन्नाचा दाखला वेळेवर देणारा तलाठी आणि ही माहिती वर्गातील मुलांमार्फत घरोघरी पोहोचविणारा शिक्षक, हे दोघे एका कुटुंबाची जमीन वाचवू शकतात.

ग्रामसभेचे कामही येथेच सुरू होते. भूदानाच्या आणि कमाल धारणेच्या अनुभवात जो डोळा उणा पडला तो ग्रामसभेचा. यादी चावडीवर लावून ती मोठ्याने वाचून दाखविणे, झालेले काम जागेवर जाऊन मोजणे, मजुराच्या हाती पडलेली रक्कम आणि कागदावरील रक्कम जुळते की नाही हे पाहणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींत जबाबदारीची खरी कसोटी आहे. ज्याच्याकडे अधिक आहे त्याने या सभेत पहिल्या रांगेत बसून मान घ्यावा, यास कोणाची हरकत नसावी. मात्र हिशेब देण्याची पाळीही पहिली त्याचीच असावी.

महाराष्ट्राला दात्यांची वाण कधी पडली नाही आणि पुढेही पडू नये. परंतु आवाबाईंच्या बांधावरून जाणाऱ्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. तो रस्ता त्याचा आहे. प्रत्येक देणगीचा शेवट असा व्हावा की घेणाऱ्याला ती आपल्या हक्काची वाटावी, आणि प्रत्येक सत्तेचा वापर असा व्हावा की तिच्यामागून येणाऱ्याला ती थोडी अधिक समप्रमाणात वाटलेली आढळावी. येत्या ग्रामसभेत बंधाऱ्याची जागा ठरेल, घरकुलांची यादी वाचली जाईल, मजुरीचा हिशेब पुढे येईल. विषमतेविषयी गावाला जे काही करता येण्यासारखे आहे, ते बहुतेक त्या कागदांवरच ठरणार आहे.